पाचर आणि कलम

खुब्याचा सांधा बदलून घेतलेल्या माणसाविषयी बोलताना "त्यांनी खुब्यात बॉल बसवून घेतला" असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, आणि मांडीच्या हाडाचे झिजलेले डोके काढून त्या जागी धातूचा किंवा चिनीमातीच्या जातीचा एक गुळगुळीत चेंडू बसवतात हे ध्यानात घेतले म्हणजे तो प्रघात अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. परंतु या साऱ्या रचनेत चेंडू हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. ज्या दांड्याच्या टोकावर तो चेंडू बसतो तो दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळ नळीत, आणि ज्या कटोरीत तो फिरतो ती कटोरी कमरेच्या हाडाच्या उखळीत, वर्षानुवर्षे न हलता कशी राहावी, हा खरा अवघड प्रश्न. बर्लिन येथील संशोधकांनी कृत्रिम खुब्याच्या पोटातच मापनयंत्रे बसवून असे दाखवून दिले आहे की साध्या चालीने चालताना या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, आणि माणूस ठेचकाळला तर तो भार क्षणभर सात-आठ पटींपर्यंत चढतो. चालते-फिरते माणूस एका पायावर वर्षाकाठी सुमारे १० लाख पावले टाकते. म्हणजे ६० किलो वजनाच्या एखाद्या गृहिणीने नवा खुबा २० वर्षे वापरला, तर जिवंत हाड आणि निर्जीव धातू यांच्या सीमेवर दीडशे किलोंचा दाब दोन कोटी वेळा येऊन जातो. माणसाने बांधलेली कोणती इमारत इतके हेलकावे खाऊन पायापाशी ढिली होणार नाही?

या प्रश्नाला पहिले भरवशाचे उत्तर इंग्लंडात, लँकेशायर परगण्यातील रायटिंग्टन येथील रुग्णालयात, जॉन चार्नली या शस्त्रवैद्याने दिले. कवळ्या करण्यासाठी दंतवैद्य जे अ‍ॅक्रिलिक वापरत त्याच्याच जातीचे, मळलेल्या कणकेसारखे आणि काही मिनिटांत दगडासारखे घट्ट होणारे मिश्रण त्याने १९५८ पासून हाडाच्या पोकळीत दाबून भरण्यास आरंभ केला, आणि त्यात दांडा रोवला. पुढे १९६२ च्या नोव्हेंबरात त्याने कटोरीसाठी पॉलिएथिलीन हे प्लॅस्टिक स्वीकारले आणि आधुनिक सांधेरोपणाचा पाया घातला गेला. 'सिमेंट' हे नाव या मिश्रणाला रूढ झाले असले तरी ते चिकटवण्याचे काम करीत नाही, याविषयी चार्नलीचा कटाक्ष असे. ते डिंक नव्हे. गवंडी दोन ओबडधोबड दगडांमधल्या फटीत जो चुना भरतो आणि त्यायोगे वरच्या दगडाचा भार खालच्या दगडाच्या सर्व अंगावर सारखा वाटून देतो, त्या चुन्याचे काम ते करते. हे उत्तर इतके समर्थ ठरले की त्या काळी बसवलेले कित्येक खुबे तीस-तीस वर्षे चालले, आणि वृद्ध रुग्णांत आजही त्याची योग्यता कमी झालेली नाही. सिमेंटविना खुब्याची महती सांगू लागण्यापूर्वी हे ऋण मान्य केले पाहिजे असे मला वाटते, कारण नव्याचा पुरस्कार करणारे पुष्कळ लेखन जुन्याला अकारण हिणवून उभे राहते.

तथापि सत्तरीच्या दशकात एक विचित्र प्रकार शस्त्रवैद्यांच्या नजरेस येऊ लागला. काही रुग्णांच्या, विशेषतः तरुण आणि धडधाकट रुग्णांच्या क्ष-किरण चित्रांत सिमेंटच्या भोवतालचे हाड वाळवी लागल्यासारखे पोखरलेले दिसे. आधी जंतुसंसर्गाचा संशय आला, पण जंतू सापडेनात. पोखरलेल्या जागेतला मऊ लगदा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा त्यात शरीरातल्या महाभक्षक पेशींची दाटी दिसली आणि त्या पेशींच्या पोटात सिमेंटचे कणही दिसले. पुरावा तर हाती आला होता, आरोपी जागेवर सापडला होता. मग निकाल लागण्यास उशीर कसला? या विकाराला 'सिमेंटरोग' असे नावच पडले आणि सिमेंट हद्दपार केले म्हणजे हाडाचा क्षय थांबेल अशी समजूत अमेरिकेत व युरोपात बळावली. सिमेंटविना खुब्याच्या मागे जो मोठा उत्साह पुढच्या दशकात लोटला त्याचे मूळ बऱ्याच अंशी या निकालात होते. तो निकाल चुकीचा होता. पण त्या चुकीतून एक खरी विद्या जन्माला आली.

चुन्यावाचून बांधकाम ही कल्पना मराठी माणसाला नवखी वाटू नये. सिन्नरच्या गोंदेश्वरासारखी हेमाडपंती देवळे दगडाला दगड खाचेत बसवून, वजनाला वजनाने तोलून उभी आहेत आणि शतकानुशतके उभी आहेत. सिमेंटविना खुब्याचे पहिले पाऊल असेच असते. शस्त्रवैद्य मांडीच्या हाडाची नळी आतून खास आकाराच्या कानशींनी, लहानीनंतर मोठी असे क्रमाने, कोरीत जातो. शेवटच्या कानशीचा आकार आणि प्रत्यक्ष दांड्याचा आकार यांत दांडा किंचित जाड ठेवलेला असतो, आणि तो हातोडीच्या बेताच्या ठोक्यांनी आत उतरवला म्हणजे हाड जरासे ताणून त्याला घट्ट आवळते. कटोरीचेही तसेच. उखळ एक-दोन मिलिमीटर कमी व्यासाची कोरून अर्धगोल कटोरी तीत दाबून बसवतात आणि गरज वाटल्यास एक-दोन मळसूत्री खिळे मारतात. कुऱ्हाडीच्या दांड्यात सुतार पाचर ठोकतो तोच हा न्याय.

परंतु येथवरच हिशेब थांबला असता तर ही कहाणी फार आधी संपली असती. ठोकलेली पाचर कालांतराने ढिली होते हे कुऱ्हाड वापरणारा कोणीही सांगेल, आणि देवळाच्या दगडाला दिवसातून हजारो वेळा कोणी हलवीत नाही. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनातील ऑस्टिन मूर याने १९५० नंतरच्या काळात आपल्या दांड्याला मुद्दाम खिडक्या ठेवल्या होत्या, हेतू हा की हाड त्यांतून आरपार वाढावे आणि दांड्याला अडकवून धरावे. न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडलेल्या आपल्याकडच्या किती तरी आजी-आजोबांना जिल्ह्याच्या रुग्णालयांत हा मूरचा खुबा बसवला गेला आहे. कल्पना दूरदृष्टीची होती, मात्र त्या मोठ्या खिडक्यांत हाड शिरले तरी उरलेल्या गुळगुळीत अंगावर त्याची पकड बसत नसे, आणि मांडीत ठणका मारणारे रुग्ण काही कमी नसत. हाड धातूला नुसते वेढून राहील की त्याच्याशी एकजीव होईल, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर खुब्याचा विचारही मनात नसलेल्या एका माणसाच्या हाती आले. स्वीडनमधील लुंड येथे १९५२ साली पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हा संशोधक अस्थिमज्जेतला रक्तप्रवाह जिवंत प्राण्यात पाहता यावा म्हणून सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक दर्शनी कुपी बसवीत असे. प्रयोग संपल्यावर कुपी काढून पुन्हा वापरावी असा त्याचा बेत होता. पण ती निघेना. हाडाने तिला असे धरले होते की दोहोंमध्ये मऊ ऊतींचा पडदासुद्धा राहिला नव्हता. टायटॅनियमवर हवेशी संबंध येताच ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म थर चढतो, त्या थराला शरीर परके मानीत नाही, आणि अस्थिजनक पेशी त्याच्यावर सरळ बस्तान मांडतात, हे पुढे स्पष्ट झाले. त्या शोधाचा पहिला उपयोग दातांसाठी झाला, खुब्याची पाळी नंतर आली. आणि येथे पाचरीची उपमा अपुरी पडते व दुसरी घ्यावी लागते, ती कोकणातल्या बागायतदाराची. आंब्याचे पाचर कलम बांधताना फांदीचे टोक पाचरीसारखे तासून खुंटाच्या चिरेत बसवतात आणि वरून घट्ट बांधतात. ती बांधणी कलम जगवीत नाही. ती केवळ काही आठवडे फांदी हलू देत नाही, आणि तेवढ्या अवधीत खुंट व फांदी आपापसांत जुळून जातात. फांदी हलली तर कलम फसते. सिमेंटविना खुब्याचे सारे मर्म या एका वाक्यात आहे.

किती हलली तर फसते, याचे मापही आता ठाऊक आहे. पाऊल टाकताना धातू आणि हाड यांच्यामधली सरक ४० मायक्रॉनच्या, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतराच्या आत राहिली, तर हाड धातूच्या रंध्रांत वाढते. ती १५० मायक्रॉनच्या पलीकडे गेली तर हाडाऐवजी तंतुमय ऊतींचे अस्तर तयार होते, आणि मग दांडा त्या अस्तरात डोलत राहतो. रंध्रांचे मापही असेच काटेकोर आहे: सुमारे ५० ते ४०० मायक्रॉन. त्याहून बारीक छिद्रात हाडाबरोबर यावयाच्या रक्तवाहिन्यांना वाव राहत नाही, आणि फार मोठ्या छिद्रात हाड पोचेपर्यंत मुदत टळून गेलेली असते. ही रंध्रे निर्माण करण्यासाठी कोणी धातूचे मणी दांड्यावर तापवून बसवले, कोणी टायटॅनियमच्या तंतूंची जाळी चढवली. व्हिएन्नाच्या कार्ल त्स्वायम्युलर याने १९७९ च्या सुमारास चौकोनी छेदाचा, वाळूच्या माऱ्याने खरबरीत केलेला दांडा आणला, ज्याच्या चार कडा हाडात रुतून तो फिरण्यास प्रतिबंध करीत. जिना चढताना किंवा खुर्चीतून उठताना दांडा पिळला जातो आणि तो पीळच कलमाचा मोठा शत्रू, हे लक्षात घेतले म्हणजे त्या चार कडांचे महत्त्व कळते.

लंडनच्या रोनाल्ड फर्लाँग याने १९८५ मध्ये दांड्यावर हायड्रॉक्सिअ‍ॅपॅटाइटचा लेप दिला. हाडाचा जो खनिज अंश, त्याच्याशी जवळजवळ एकरूप असा हा पदार्थ. त्यामुळे हाड लेपाला आपलेच समजून त्याच्यावर वाढते. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील आन्सी येथील शस्त्रवैद्यांच्या एका गटाने सर्वांगाला असा लेप दिलेला टायटॅनियमचा 'कोराइ' दांडा वापरात आणला. त्या गटाने स्वतः प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत २० वर्षांनंतरही १०० पैकी ९५ हून अधिक दांडे आपापल्या जागी होते. कर्त्यानेच आपल्या कृतीचा दाखला दिला म्हणजे तो थोडा राखून घ्यावा हे योग्यच. पण या दांड्याच्या बाबतीत देशोदेशीच्या नोंदींनीही पुढे त्याची पुष्टी केली.

कलम जुळल्याचे प्रत्यक्ष प्रमाण कोठून आले हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत व्हर्जिनियातील चार्ल्स एंग याच्या काही रुग्णांनी मरणोत्तर आपले खुबे तपासणीसाठी देऊ केले होते. वर्षानुवर्षे त्यांवर चाललेल्या माणसांची ती हाडे धातूसकट आडवी कापून पाहिली तेव्हा असे आढळले की जेवढी रंध्रे उपलब्ध होती त्यांपैकी साधारण तिसरा हिस्साच हाडाने भरलेला होता, आणि तेवढाच हिस्सा सांध्याला खंबीर धरून ठेवण्यास पुरला होता. त्या अनाम दात्यांचे मला फार कौतुक वाटते. स्वतःच्या चालण्याचा जमाखर्च त्यांनी पुढच्या पिढीच्या स्वाधीन केला.

सारांश, सिमेंटविना खुब्याचे बरेचसे भवितव्य पहिल्या सहा ते बारा आठवड्यांत लिहिले जाते. या अवधीत दांडा भाराखाली थोडासा खाली उतरतो, एखादा मिलिमीटर किंवा त्याहून कमी, आणि मग थांबतो. ही हालचाल साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाही. लुंड येथेच योरान सेल्विक याने १९७४ मध्ये सिद्ध केलेल्या पद्धतीत हाडात टँटलम धातूचे मोहरीहूनही बारीक मणी बसवून, दोन कोनांतून एकाच वेळी चित्रे घेऊन, मिलिमीटरच्या दशांशापर्यंत सरक मोजता येते. जो दांडा पहिल्या काही महिन्यांत थोडा बसून स्थिर झाला त्याची काळजी नाही. जो दोन वर्षांनंतरही हळूहळू सरकतच राहिला त्याचे लक्षण ठीक नाही, मग रुग्ण त्या वेळी कितीही खुशीत असो. दहा वर्षांनी घडावयाच्या अपयशाची वर्दी दोन वर्षांत मिळण्याची ही सोय झाल्यामुळे, नवा दांडा हजारो रुग्णांच्या अंगी लावण्याआधी मूठभर रुग्णांत पारखून घेणे शक्य झाले.

एकदा जुळलेले कलम सहसा सुटत नाही. पण त्याच्याभोवतीचे हाड पूर्वीसारखे राहत नाही. बर्लिनच्या युलियस वोल्फ याने १८९२ मध्ये मांडलेला नियम असा की हाड ज्या भाराला सामोरे जाते त्या भारानुसार आपली घडण बदलते. काम असेल तेथे दाट होते, काम काढून घेतले तेथे विरळ होते. हाडापेक्षा टायटॅनियमची मिश्रधातू पाच-सहा पट ताठर, आणि कोबाल्ट-क्रोमची तर दहा-बारा पट. असा ताठर दांडा मज्जेच्या नळीत खालपर्यंत घट्ट बसला म्हणजे वरून येणारा भार तोच परभारे खाली पोचवतो, आणि मधले हाड, मातबर मुनिमाने सारा कारभार हाती घेतल्यावर बसून राहिलेल्या धन्याप्रमाणे, क्षीण होत जाते. १९८० नंतरच्या जाड आणि पूर्ण लांबीच्या कोबाल्ट-क्रोम दांड्यांत हे प्रकर्षाने दिसले, आणि आता वरचे हाड विरून खुबा कोसळणार अशी भीती व्यक्त झाली. ती भीती त्या प्रमाणात खरी ठरली नाही: क्षय बहुतांशी पहिल्या एक-दोन वर्षांत होऊन थांबतो, आणि असे विरळ हाड असलेले रुग्णही पुढे वीस वर्षे विनातक्रार चालले. अडचण येते ती पुढेमागे दांडा बदलण्याची वेळ आली तर, कारण नवा दांडा ज्याच्यात रोवावयाचा ते हाडच पातळ झालेले असते. लहान, निमुळते आणि टायटॅनियमचे दांडे पुढे पसंत केले गेले त्याचे एक कारण हे.

आता त्या चुकीच्या निकालाकडे वळू. ऐंशीच्या दशकात सिमेंटविना बसवलेले खुबे पाच-सात वर्षांचे झाले, आणि त्यांच्याभोवतीही तीच वाळवी दिसू लागली. जेथे सिमेंटचा कणही नव्हता तेथे सिमेंटरोग कसा? फेरतपासणीत खरा कर्ता सापडला तो कटोरीतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराचा भुगा. चेंडू फिरताना पावलागणिक पॉलिएथिलीनचे कण लाखांच्या संख्येने सुटतात, त्यांतले बहुतेक एका मायक्रॉनहूनही लहान असतात, आणि नेमक्या याच आकाराचे कण महाभक्षक पेशी गिळतात. गिळतात, पचवू शकत नाहीत, आणि मग दाह निर्माण करणारी जी रसायने सोडतात त्यांच्या चेतनेने अस्थिभंजक पेशी आसपासचे निरोगी हाड खाऊ लागतात. याची पूर्वसूचना चार्नलीला फार आधी मिळाली होती. पॉलिएथिलीनच्या आधी त्याने टेफ्लॉनच्या कटोऱ्या शेकडो रुग्णांत बसवल्या होत्या; त्या दोन-तीन वर्षांत झिजल्या आणि त्यांच्या भुग्याने ऊतींचा नाश केला. तो भुगा खरोखर किती घातक आहे हे पाहण्यासाठी त्या माणसाने टेफ्लॉनचा नमुना स्वतःच्या मांडीत टोचून घेतला होता, आणि त्या जागी उठलेल्या गाठी महिनोन्महिने वागवल्या होत्या. इतका ढळढळीत धडा समोर असता दोन दशकांनी तोच गुन्हा सिमेंटच्या माथी मारला गेला, ही या शास्त्राच्या इतिहासातली मोठी खेदाची गोष्ट होय.

या शोधाने जुन्या रचनांमधले दोष उघडे पाडले. ज्या दांड्यांवर रंध्रांचे लेपन सलग न देता तुकड्यातुकड्यांनी दिले होते त्यांच्या दोन तुकड्यांमधल्या गुळगुळीत पट्ट्यांतून भुगा पाण्याच्या पाझरासारखा खाली उतरला आणि दांड्याच्या टोकापर्यंतचे हाड खाऊन गेला. ज्यांच्यावर ते सभोवार सलग होते त्यांत वाढलेल्या हाडानेच बांध घातला आणि भुगा वर अडला. कटोरीतल्या खिळ्यांची रिकामी भोकेही अशीच चोरवाट ठरली. थोडक्यात, हाडाची पकड पहिल्या पिढीतही उत्तम होती. उणे होते ते अस्तर. प्लॅस्टिक निर्जंतुक करण्यासाठी त्याच्यावर हवेत गॅमा किरण सोडण्याची जी रीत होती तिने ते हळूहळू ठिसूळ होई, आणि वेष्टनात पडून राहिले तरी होई. नव्वदीच्या अखेरीस अधिक मात्रेचे किरण देऊन आणि मग तापवून त्याच्या रेणूंची परस्परांत घट्ट वीण घालण्याची पद्धत आली. जुने अस्तर वर्षाला मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग झिजे. नव्याची झीज त्याच्या निम्म्याहूनही खूप खाली आली, आणि जेथे वार्षिक झीज मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आत राहते तेथे हाड पोखरले गेल्याचे क्वचितच आढळते. फ्रान्समधील पो येथील पिएर बुताँ याने १९७० मध्ये आणलेल्या अ‍ॅल्युमिनाच्या चेंडूंनीही झीज घटवली. धातूच्या कटोरीत धातूचा मोठा चेंडू फिरवण्याचा जो प्रयोग नव्या शतकाच्या आरंभी फोफावला त्याचा शेवट मात्र हजारो रुग्णांच्या रक्तात कोबाल्ट चढण्यात आणि २०१० मध्ये अशा एका बनावटीचा माल जगभरातून परत घेण्यात झाला.

हा सारा हिशेब ठेवला कोणी? स्वीडनने १९७९ मध्ये देशातल्या प्रत्येक कृत्रिम खुब्याची नोंद ठेवणारे दप्तर उघडले. फिनलंड, नॉर्वे, डेन्मार्क, ऑस्ट्रेलिया यांनी तोच कित्ता गिरवला, आणि २००३ पासून इंग्लंड व वेल्स यांचे दप्तर सुरू झाले. या दप्तरांतला 'टिकला' हा शब्द मात्र जपून वाचला पाहिजे. त्याचा अर्थ एवढाच की तो खुबा पुन्हा शस्त्रक्रिया करून काढावा लागला नाही. जो रुग्ण रोज कण्हत चालतो पण दुसऱ्या शस्त्रक्रियेस धजत नाही, किंवा वय झाल्यामुळे ज्याला ती सोसणार नाही, त्याचाही खुबा दप्तरी टिकलेलाच असतो. आणखी एक मर्यादा काळाची आहे. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात अशा राष्ट्रीय नोंदींचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात १५ वर्षांनंतर सुमारे ८९ टक्के, २० वर्षांनंतर ७० टक्के आणि २५ वर्षांनंतर ५८ टक्के खुबे टिकल्याचे दिसले. हे आकडे वाचून आज खुबा बसवून घेणाऱ्याने धास्ती घेण्याचे कारण नाही, कारण पंचवीस वर्षांचा निकाल हा पंचवीस वर्षांपूर्वीच्या वस्तूचा निकाल असतो. त्यातले बहुसंख्य खुबे जुन्या, ठिसूळ होणाऱ्या अस्तराचे होते.

याच दप्तरांनी दुसरी एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली आहे, आणि ती सिमेंटविना पद्धतीच्या अभिमान्यांना रुचत नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत, हाड विरळ आणि नळी रुंद झालेली असते. त्या पातळ भिंतींत पाचर ठोकली म्हणजे हाड आवळून धरण्याऐवजी कधी तेथेच चिरते, कधी पहिल्या तीन महिन्यांत एखाद्या लहानशा पडण्याने उभे मोडते. उत्तर युरोपातील आणि इंग्लंडातील नोंदींत या वयोगटात सिमेंटचा दांडा अधिक टिकाऊ ठरला. तरीही बहुतेक देशांत सिमेंटविना खुब्यांचा वाटा वाढतच गेला आणि अमेरिकेत तर ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांत सिमेंटचा दांडा विरळा झाला आहे. खुबा मोडलेल्या, ६० वर्षांवरील १,२२५ रुग्णांवर इंग्लंड-वेल्समध्ये झालेल्या तुलनात्मक चाचणीचा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला: दांड्याभोवती हाड मोडण्याचे प्रमाण सिमेंटच्या गटात ०.५ टक्के, तर लेप दिलेल्या आधुनिक सिमेंटविना दांड्याच्या गटात २.१ टक्के आढळले, आणि चार महिन्यांनंतरची रुग्णांची एकंदर प्रकृतीही सिमेंटच्या गटात सरस होती. सिमेंट दाबून भरताना काही अशक्त रुग्णांचा रक्तदाब एकाएकी उतरतो हा त्याचा जुना धोका विसरता येत नाही. पण तो जमेस धरूनही पारडे सिमेंटकडे झुकले. टायटॅनियम आणि हाड यांचे सख्य ज्या स्वीडनमध्ये उमगले, त्याच स्वीडनने वृद्धांसाठी सिमेंट दीर्घकाळ सोडले नाही, यात मला त्या देशाच्या दप्तराचा विजय दिसतो.

आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे हे ध्यानात ठेवले पाहिजे. युरोपात खुबा बदलतात तो बहुधा म्हातारपणी झिजला म्हणून. येथे रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचे डोके मरून गेल्यामुळे, किंवा पाठीचा कणा आखडवणाऱ्या संधिवातामुळे, तिशी-चाळिशीतच खुबा गमावलेल्यांचा भरणा मोठा असतो. अशा तरुणाचे हाड दाट असते, कलम जुळवून घेण्याची ताकद त्यात पुरेपूर असते, आणि पुढे त्याला चाळीस वर्षे चालावयाचे असते. त्याच्यासाठी सिमेंटविना खुबाच रास्त, असे माझे स्पष्ट मत आहे. इतक्या दीर्घ मुदतीत अस्तर झिजले तरी हाडात एकजीव झालेली धातूची कटोरी तशीच ठेवून केवळ आतले अस्तर आणि चेंडू बदलता येतो, हा त्यातला मोठा लाभ. उलट, सांध्यात जंतू शिरले आणि दांडाच काढावयाचा झाला, तर तो सहजी निघत नाही. मांडीचे हाड वरून वीतभर उभे कापून, दार उघडावे तसे उघडून, एकेक इंच धातू मोकळा करावा लागतो.

वीस वर्षांच्या एखाद्या चांगल्या खुब्याचे क्ष-किरण चित्र पाहिले तर धातू आणि हाड यांच्यामध्ये काळी रेघ दिसत नाही. दांड्याच्या अंगाला जागोजागी पांढरे, दाट हाड डागल्यासारखे चिकटलेले दिसते. मानेजवळचा हाडाचा टोकदार कंगोरा मात्र झिजून गोल झालेला असतो. आणि नीट पाहणाऱ्याला चेंडू कटोरीच्या मध्यावर नसून केसभर वर सरकलेला आढळतो. तेवढे अस्तर गेले. त्या भुग्याने कटोरीमागे हाड पोखरायला घेतले असेल तर ते दुखत नाही, रुग्ण लंगडत नाही, आणि पोकळी वाटाण्याएवढी असो की सुपारीएवढी, त्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून जाणते शस्त्रवैद्य कसलीही तक्रार नसलेल्या रुग्णालाही काही वर्षांच्या अंतराने बोलावतात, नवे चित्र काढतात, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यातले जुने चित्र शेजारी लावून दोन्ही चित्रांवर मोजपट्टी धरतात.